तारखा कोण ठरवतं?

अमेरिकेत हायस्कूल चार वर्षांचं, नववी ते बारावी. या चार वर्षांत मुलीच्या वाट्याला कोणते टप्पे येणार आणि ते साधारण कोणत्या महिन्यात येणार, हे बरंचसं आधीच ठरलेलं असतं. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत होमकमिंग, म्हणजे शाळेचा फुटबॉल सामना आणि त्याच्या जोडीने होणारा नाच. सोळाच्या आसपास गाडी चालवण्याचा परवाना. अकरावीच्या उत्तरार्धात सॅट ही कॉलेजप्रवेशाची परीक्षा, मेच्या पहिल्या पंधरवड्यात कॉलेजच्या पातळीच्या विषयांच्या एपी परीक्षा, एप्रिल-मेमध्ये प्रॉम, म्हणजे वर्षअखेरचा नाच, १ मेच्या सुमारास कॉलेजला होकार कळवायचा, आणि शेवटी चौकोनी टोपी घालून मंचावर जायचं. क्लब व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलीच्या घरी याच महिन्यांवर दुसरं एक वेळापत्रक येऊन बसतं. जानेवारीपासून स्पर्धा, फेब्रुवारी ते एप्रिल राष्ट्रीय पात्रता फेऱ्या, जून-जुलैत राष्ट्रीय अजिंक्यपद. दोन्ही वेळापत्रकं एकमेकांना न विचारता छापलेली असतात.

अशा मुलीला सगळे एकच सल्ला देतात: वेळेचं नियोजन कर. सल्ला चांगला आहे, आणि बहुतेक मुली तो मनापासून पाळतात. विमानतळावर निबंध लिहिणाऱ्या, दोन सामन्यांच्या मधल्या तासात गणितं सोडवणाऱ्या मुली हे तिथलं नेहमीचं दृश्य आहे. तरीही त्यांची ओढाताण संपत नाही, कारण ती होते तारखांमुळे, आणि तारखा ठरवतात मोठी माणसं. ज्या ज्या वेळी मोठ्यांनी तारीख हलवली, त्या त्या वेळी हजारो मुलींचं ओझं एका फटक्यात हलकं झालं. या प्रकरणात अशाच काही तारखांची हकिगत सांगायची आहे.

आधी हा डोलारा कसा उभा आहे ते पाहू. शाळेचा व्हॉलीबॉल हंगाम ऑगस्ट ते नोव्हेंबर. तो संघ गावाचा असतो. जिममध्ये शेजारीपाजारी येऊन बसतात, आणि बारावीच्या मुलींच्या शेवटच्या घरच्या सामन्याला आईवडिलांसह कोर्टावर बोलावून त्यांना फुलं दिली जातात. हंगाम संपला की बहुतेक राज्यांत क्लबच्या निवड चाचण्या सुरू होतात. क्लब म्हणजे पालकांच्या फीवर चालणारी खासगी संस्था. मोठ्या क्लबची वर्षाची फी हजारो डॉलरमध्ये जाते; विमान आणि हॉटेलचा खर्च वेगळा. संघ वयोगटाप्रमाणे असतात, सर्वांत वरचा गट अठरा वर्षांखालचा. शाळेचा हंगाम चालू असताना क्लबकडून खेळायला अनेक राज्यांच्या शालेय संघटना मनाई करतात, त्यामुळे एक संपला की दुसरा सुरू होतो. खेळाडू मुलीला मोकळा काळ मिळतो तो जुलैतल्या दोन-तीन आठवड्यांचा.

शाळेत इतका जिव्हाळ्याचा खेळ असताना क्लबची गरज का पडली? याचंही उत्तर तारखांमध्येच आहे. कॉलेजच्या मुलींचा व्हॉलीबॉल हंगामही ऑगस्ट ते डिसेंबर असतो. शाळेतली मुलगी आपल्या जिममध्ये उत्तम खेळत असते, तेव्हा तिला निवडू शकणारे कॉलेजचे प्रशिक्षक स्वतःच्या संघासोबत कुठल्या तरी दुसऱ्या राज्यात असतात. त्यांना सवड मिळते जानेवारीनंतर. तोवर शाळांचा हंगाम संपलेला, आणि क्लबचा ऐन भरात आलेला. शिवाय क्लबच्या मोठ्या स्पर्धेत एका छताखाली शेकडो संघ दिसतात; प्रशिक्षकाला एका शनिवार-रविवारात जे पाहायला मिळतं, ते शाळाशाळांत फिरून महिनाभरात मिळालं नसतं. शिष्यवृत्तीची वाट अशा रीतीने शाळेच्या जिममधून निघून क्लबच्या हॉलमध्ये गेली. पुढचं सगळं यातूनच आलं आहे.

हे हॉल एकदा पाहण्यासारखे आहेत. इंडियानापोलिस, डॅलस, शिकागो अशा शहरांतल्या प्रदर्शनांसाठी बांधलेल्या प्रचंड सभागृहांत प्लास्टिकच्या फरशा जोडून कोर्टं आखतात, एकाला लागून एक, डझनावारी. सगळीकडे शिट्ट्या, टाळ्या, चेंडू आपटल्याचे आवाज. वरून पाहिलं तर जत्राच. सामना तीन सेटचा: पहिले दोन पंचवीस गुणांचे, गरज पडली तर तिसरा पंधराचा. आणि ज्या फेरीत आपला सामना नाही त्या फेरीत शेजारच्या सामन्याचं काम करायचं. रेषापंच आणि गुणलेखक म्हणून खेळाडू मुलीच बसतात. बाद फेरीत नुकताच हरलेला संघही डोळे पुसून पुढच्या सामन्याच्या टेबलाशी जातो आणि दुसऱ्यांचे गुण बिनचूक लिहितो. या व्यवस्थेतल्या अनेक गोष्टींबद्दल मला शंका आहेत. या एका गोष्टीबद्दल मात्र नितांत आदर आहे.

हे सगळं फार जुनं नाही. व्हॉलीबॉलचा जन्म १८९५ सालचा, मॅसॅच्युसेट्समधल्या होलिओक गावचा, विल्यम मॉर्गन यांच्या हातून झालेला; पण शाळकरी मुलींसाठी तो खऱ्या अर्थाने खुला झाला १९७२ नंतर. त्या वर्षी ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगी म्हणून कोणाला डावलता येणार नाही, हा त्याचा गाभा. १९७१-७२ मध्ये देशभरातल्या हायस्कूलांत सगळे खेळ मिळून तीन लाखांहून कमी मुली खेळत होत्या. आज ही संख्या चौतीस लाखांहून जास्त आहे. २०२२-२३ मध्ये एकट्या व्हॉलीबॉलमध्ये सुमारे ४ लाख ७० हजार मुली होत्या. अॅथलेटिक्स सोडलं तर मुलींचा इतका मोठा खेळ दुसरा नाही. फ्लो हायमन ही त्या बदलाची पहिली फळं चाखणाऱ्यांपैकी एक. १९७४ मध्ये ह्यूस्टन विद्यापीठाने तिला शिष्यवृत्ती दिली, खेळासाठी शिष्यवृत्ती मिळालेली तिथली ती पहिली स्त्री. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या अमेरिकी संघाचा ती कणा होती. १९८६ मध्ये जपानमध्ये सामना चालू असताना ती कोसळली आणि गेली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. खेळातल्या मुली आणि स्त्रियांचा जो राष्ट्रीय दिवस अमेरिकेत दरवर्षी पाळला जातो, तो तिच्या स्मरणार्थ सुरू झाला.

कायदा आला, मुली कोर्टावर आल्या. पण कोणत्या महिन्यात खेळायचं हे कोणी ठरवायचं? या प्रश्नावर मिशिगन राज्यात जे घडलं ते मला या विषयातलं सर्वांत शिकवणारं उदाहरण वाटतं.

मिशिगनमध्ये मुलींचं व्हॉलीबॉल हिवाळ्यात आणि बास्केटबॉल शरदात असे, म्हणजे जवळजवळ सगळ्या देशाच्या उलट. कारण साधं होतं. हिवाळ्यात जिममध्ये मुलांचं बास्केटबॉल चाले. ते आपल्या जागी राहावं म्हणून मुलींचे खेळ उरलेल्या महिन्यांत बसवलेले होते. वरवर पाहता कोणाचं काही बिघडत नव्हतं. मुलींना खेळायला मिळत होतं, संख्याही चांगली होती. बिघडत होतं ते पुढे. सगळ्या देशात क्लबचा हंगाम चालू असताना मिशिगनच्या मुली शाळेच्या हंगामात अडकलेल्या असत. पात्रता फेऱ्यांची तयारी इतर राज्यांतल्या मुली नोव्हेंबरपासून करत. यांना ती मार्च सरताना घाईने करावी लागे. कॉलेजच्या प्रशिक्षकांच्या नजरेला पडण्याचा काळच त्यांच्या हातून निसटत होता.

१९९८ मध्ये काही पालकांच्या संघटनेने राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेला फेडरल न्यायालयात खेचलं. क्रीडा संघटनेचं म्हणणं होतं की जिम आणि पंच मर्यादित आहेत, आणि हंगाम वेगळे असल्यामुळेच जास्त मुलामुलींना खेळता येतं. डिसेंबर २००१ मध्ये न्यायाधीश रिचर्ड एन्स्लन यांनी निकाल दिला: गैरसोयीचे महिने फक्त मुलींच्याच वाट्याला येत असतील तर तो भेदभाव आहे. अपिलांवर अपिलं झाली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन परत आलं आणि २००७ च्या एप्रिलमध्ये एकदाचं मिटलं. त्याच वर्षीच्या शरदापासून व्हॉलीबॉल आपल्या जागी आलं. खटला सुरू झाला तेव्हा नववीत असलेल्या मुली तोवर कॉलेजातूनही बाहेर पडल्या असतील. त्यांच्यापैकी एकीलाही वेळेच्या नियोजनाने ते महिने परत मिळवता आले नसते.

आता अजिंक्यपदांकडे येऊ. अमेरिकेत क्लबच्या मुलींची दोन मोठी राष्ट्रीय व्यासपीठं आहेत. एक अॅमॅच्युअर अॅथलेटिक युनियनचं, म्हणजे एएयूचं. तिची स्पर्धा जूनमध्ये ऑरलँडोला भरते, १९७४ पासून चालत आली आहे, आणि जगातली सर्वांत मोठी व्हॉलीबॉल स्पर्धा म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे. दुसरं यूएसए व्हॉलीबॉल या राष्ट्रीय महासंघाचं. त्याची स्पर्धा दर वर्षी वेगळ्या शहरात: २०२२ ला इंडियानापोलिस, २०२३ ला शिकागो, २०२४ ला लास व्हेगास. इथे पैसे भरून नाव नोंदवलं की झालं असं नसतं. देशभर होणाऱ्या पात्रता फेऱ्यांत वरचा क्रमांक मिळवून जागा कमवावी लागते. या फेऱ्या तीन दिवसांच्या, बहुधा शुक्रवार ते रविवार, फेब्रुवारी ते एप्रिल. एका फेरीत जागा हुकली तर संघ दुसऱ्या शहरातल्या फेरीला जातो. म्हणजे आणखी एक शुक्रवार शाळा बुडते, आणि पालकांच्या खात्यातून आणखी एकदा विमानाचे पैसे जातात.

हे शुक्रवार महागात पडतात. शाळेच्या संघाबरोबर गेलं तर ती गैरहजेरी शाळेच्याच कामाची समजली जाते. क्लबच्या स्पर्धेला तसं संरक्षण बहुतेक ठिकाणी नसतं, कारण शाळेच्या लेखी ती खासगी सहल. टेक्सासमध्ये विषयाचं क्रेडिट मिळायला नव्वद टक्के हजेरीची कायदेशीर अट आहे. सॅट परीक्षा मुख्यतः शनिवारी, आणि स्पर्धाही शनिवारी. त्यामुळे मार्च किंवा मेची सॅट द्यायची की संघासोबत जायचं, हा प्रश्न अकरावीतल्या मुलीपुढे येतोच. आणि विद्यापीठाच्या संघात खेळायचं तर अभ्यासाकडे पाठ फिरवून चालत नाही. कॉलेजच्या खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत वरच्या, श्रेणीत पात्र ठरायला सोळा मुख्य विषयांचं ओझं चार वर्षांत पेलायचं असतं, त्यातले दहा बारावी सुरू होण्याआधीच पूर्ण झालेले हवेत, आणि सरासरी चारपैकी किमान २.३.

न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियात स्थिरावलेल्या मराठी घरांना इथेच ठेच लागू शकते. आपल्याकडे दहावी-बारावी म्हणजे एक मोठी परीक्षा. तिच्याआधी खेळ बंद, नंतर पुन्हा सुरू, आणि वर क्रीडागुणांची सवलत. तिकडे चारही वर्षांची प्रत्येक चाचणी, प्रत्येक गृहपाठ सरासरीत मोजला जातो. परीक्षा झाल्यावर खेळू म्हणायची सोय नाही, कारण परीक्षा अशी एकदाची संपतच नाही. नववीतली मुलगी क्लबमध्ये जायचं म्हणते तेव्हा आईवडिलांनी हा फरक आधी समजून घ्यायला हवा.

सर्वांत मोठी गर्दी व्हायची ती बारावीच्या शेवटी. राष्ट्रीय अजिंक्यपद जूनअखेरीस धरलं तर तोवर पदवीदान होऊन गेलेलं असतं, मैत्रिणी पांगलेल्या असतात आणि ज्यांना कॉलेजच्या संघात जागा मिळाली आहे त्यांच्यापैकी अनेकींना उन्हाळी सत्रासाठी जूनमध्येच तिकडे हजर व्हावं लागतं. संघातल्या उत्तम मुली नसतील तर अजिंक्यपदाला अर्थ काय? यूएसए व्हॉलीबॉलने यावर मार्ग काढला तो तारीख हलवून. अठरा वर्षांखालच्या मुलींचं अजिंक्यपद इतर वयोगटांपासून वेगळं काढून एप्रिलच्या शेवटाकडे आणलं. अकरा ते सतराचे गट जून-जुलैतच राहिले. अठराचा संघ एप्रिलमध्ये शेवटचा चेंडू मारतो, आणि मे महिना मुलीचा स्वतःचा होतो. एपीचा अभ्यास, पदवीदान, मैत्रिणी, आणि बऱ्याच शाळांत प्रॉमसुद्धा. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी प्रॉम ठेवणाऱ्या शाळांच्या मुलींना मात्र आजही निवड करावीच लागते. पण एका निर्णयाने देशभरातल्या बारावीच्या मुलींना एक अख्खा महिना परत मिळाला, हे काही थोडं नाही.

दुसरी अशीच तारीख १५ जूनची. २०१९ पूर्वी कॉलेजचे प्रशिक्षक आणि खेळाडू यांच्यातल्या बोलण्याला फार लवकर सुरुवात व्हायची. आठवी-नववीतल्या मुली अमुक विद्यापीठाला तोंडी शब्द देऊन बसत. ज्या मुलीची उंची अजून वाढते आहे, आपल्याला कोणता विषय आवडतो हेही जिला कळलेलं नाही, तिने चार-पाच वर्षांनंतरचं गाव ठरवायचं! २०१९ पासून नियम असा की दहावीनंतरच्या १५ जूनपूर्वी पहिल्या श्रेणीच्या प्रशिक्षकाने मुलीशी निवडीबद्दल बोलायचं नाही, आणि विद्यापीठाची भेट अकरावीआधीच्या १ ऑगस्टपूर्वी नाही. त्यामुळे आता त्या एका दिवशी फोन वाजू लागतात, किंवा वाजत नाहीत. सोळा वर्षांच्या मुलीसाठी तो दिवस कठीणच. तरी चौदाव्या वर्षी द्याव्या लागणाऱ्या शब्दापेक्षा हे कितीतरी बरं.

फोन किती जणींना येतो? हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या शंभर मुलींपैकी साधारण चार जणी एनसीएएच्या कुठल्या ना कुठल्या श्रेणीत पोचतात. पहिल्या श्रेणीत जेमतेम एक. तिसऱ्या श्रेणीत खेळाची शिष्यवृत्तीच नसते. २०२४-२५ पर्यंत पहिल्या श्रेणीच्या एका संघाला बारा पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. त्यानंतर खेळाडूंच्या मोबदल्याच्या खटल्यातली न्यायालयीन तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठांत ही मर्यादा जाऊन संघात जास्तीत जास्त अठरा जणी अशी मर्यादा आली. आकडे काहीही असोत, क्लबमधल्या बहुसंख्य मुलींसाठी अठराव्या वर्षीचा सामना हा स्पर्धात्मक खेळातला शेवटचा सामना असतो. हे पालकांना कोणी पुरेसं स्पष्ट सांगत नाही. शिष्यवृत्ती ही गुंतवणुकीची परतफेड धरून फी भरणारं घर शेवटी मुलीकडे हिशेब मागतं, बोलून नाही तर न बोलून. ज्या घरी मुलीला सेटर, म्हणजे चेंडू उचलून देणारी खेळाडू, म्हणून संघ चालवण्यात आनंद मिळतो म्हणून फी भरली जाते, तिथे प्रॉम चुकला तरी मुलगी तो सल वर्षानुवर्षं उरात घेऊन बसत नाही.

शरीराचाही हिशेब आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये स्पष्ट सांगितलं की पंधरा-सोळा वर्षांपर्यंत एकाच खेळाला जुंपून घेऊ नये, आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती हवी आणि वर्षात एकूण तीन महिने तरी त्या खेळापासून दूर राहावं, वाटल्यास एकेका महिन्याने. ऑगस्ट ते नोव्हेंबर शाळा आणि नोव्हेंबर ते जुलै क्लब, यात ते तीन महिने कुठे बसवायचे? गुडघे आणि खांदे याचं उत्तर आपल्या परीने देतात. संध्याकाळचा सराव अनेकदा गावाबाहेरच्या गोदामवजा जिममध्ये रात्री उशिरापर्यंत चालतो. परवाना मिळाला की मैत्रिणींना गाडीत घेऊन जाईन असं मुलीला वाटतं. पण कॅलिफोर्नियासारख्या राज्यात पहिलं वर्षभर सोबत मोठं माणूस नसेल तर विशीखालच्यांना गाडीत बसवायला मनाई, आणि रात्री अकरानंतर गाडी चालवायलाही. परवान्याचा आनंद मिळतो, ने-आण आईबापांकडेच राहते.

सगळ्यांत अवघड तारीख मात्र अजून हललेली नाही. पहिल्या श्रेणीचे संघ वसंतात सराव करतात, आणि नव्या मुली जानेवारीतच आल्या तर त्यांना शरदातल्या हंगामाआधी अर्धं वर्ष जास्त मिळतं. म्हणून बारावीचे विषय डिसेंबरमध्येच संपवून जानेवारीत विद्यापीठात दाखल होण्याची पद्धत वरच्या संघांत रूढ झाली आहे. ज्या मुलींसाठी अठराचं अजिंक्यपद एप्रिलमध्ये आणलं, त्यांच्यातल्या काही उत्तम मुली तोवर निघूनच गेलेल्या असतात. क्लबचा शेवटचा हंगाम नाही, शाळेतला शेवटचा वसंत नाही. संधी मोठी आहे हे खरं, आणि काहींना ती मनापासून हवी असते. पण होकार सतराव्या वर्षी द्यायचा असतो, आणि तो मागणारा प्रशिक्षकच पुढची चार वर्षं कोणाला खेळवायचं हे ठरवणार असतो. अशा वेळी मुलीला नाही म्हणता यावं यासाठी आईवडिलांनी तिच्या बाजूला बसणं फार आवश्यक आहे. आणि जायचंच ठरलं, तर एक लहान गोष्ट आधी करून घ्यावी: काही शाळा अशा मुलीला मेमध्ये परत येऊन वर्गासोबत मंचावर चालू देतात, प्रॉमलाही येऊ देतात, काही देत नाहीत. आपली शाळा कोणत्या बाजूची आहे हे मुख्याध्यापकांकडून सप्टेंबरमध्येच लेखी घेऊन ठेवावं.